लागोपाठ दोन क्रूझ करायच्या आहेत? एकच लांब सफर घ्यावी की दोन बुकिंग करावीत

गेल्या वर्षभरात आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेतल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. सात रात्रींची क्रूझ आवडली आहे, तेच जहाज तिथूनच पुढं आणखी सात रात्री दुसरीकडं जातंय. मग चौदा रात्रींची म्हणून एकच घ्यायची, की सात-सातची दोन बुकिंग करायची? तिन्ही घरांत मी वही घेऊन बसले आणि तिन्ही घरांत उत्तर वेगळं निघालं. म्हणून म्हटलं, उत्तर कसं काढायचं तेच एकदा नीट लिहून ठेवावं.

मी आणि आमचे हे, आम्ही दोनदा अशी जोडसफर केली. पहिली सिंगापूरहून, तीन रात्री आणि लगेच चार रात्री. दुसरी रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरातून, सात आणि सात. दोन्ही वेळा बुकिंग दोन केली. पहिल्यांदा कुणाला काही न विचारता आणि दुसऱ्यांदा सगळं विचारून. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळं आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरीही सांगते, आधी आकडे बघू नका. आधी व्हिसा बघा आणि मग ‘मधला दिवस’ बघा. मधला दिवस म्हणजे पहिली सफर संपून दुसरी सुरू होते तो दिवस. जाहिरातीत त्याबद्दल अक्षरही नसतं आणि गोंधळ होतो तो नेमका त्याच दिवशी.

पायरी १: तुमच्यासमोर नेमकं काय आहे ते ओळखा

‘बॅक टू बॅक’ हा एकच शब्द एजंट सगळ्याला वापरतात, पण त्यात निरनिराळे प्रकार असतात.

एक, त्याच बंदरातून निघून त्याच बंदरात परत, दोन्ही वेळा तोच मार्ग. यात दुसऱ्या आठवड्यात तीच बंदरं, तेच कार्यक्रम आणि बहुतेक वेळा जेवणाचा मेनूही तोच असतो. ज्यांना जहाजावर निवांत पडून राहायचं आहे त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांना मी नको म्हणते.

दोन, बंदर तेच पण मार्ग दोन. आमची रोमची सफर अशी होती. पहिल्या आठवड्यात पश्चिमेकडं जिनोआ, मार्से, बार्सिलोना. दुसऱ्या आठवड्यात पूर्वेकडं ग्रीस आणि तुर्कस्तान.

तीन, एका बंदरातून निघून दुसऱ्याच बंदरात संपणारे तुकडे, एकापुढं एक जोडलेले. जगप्रदक्षिणेच्या लांबलचक सफरी अशाच तुकड्यांनी विकल्या जातात. काही कंपन्या स्वतःच असे तुकडे जोडून एकच सफर म्हणून कमी दरात देतात. हॉलंड अमेरिका त्यांना ‘कलेक्टर्स व्हॉयेज’ म्हणते. वेबसाइटवर तेच जहाज त्याच तारखेला ७ रात्री, ७ रात्री आणि १४ रात्री असं तीनदा दिसलं, तर गोंधळू नका. जहाज एकच आहे.

आणि चौथा प्रकार म्हणजे एका जहाजातून उतरून दुसऱ्याच जहाजावर चढायचं. याला मी जोडसफर म्हणतच नाही. पहिल्या जहाजाला उशीर झाला तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. असं करायचंच असेल तर मध्ये किमान एक मुक्काम जमिनीवर ठेवा.

माझं सरळ मत असं. तिसऱ्या प्रकारात एकच लांब बुकिंग मिळत असेल तर तेच घ्या. पहिल्या दोन प्रकारांत दोन बुकिंग चालतात, पण एकाच एजंटाकडून, एकाच केबिनची आणि एकमेकांना जोडलेली. का, ते पुढं येईल.

पायरी २: व्हिसाचा हिशोब दोन्ही सफरी मिळून करा

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी हीच सगळ्यात मोठी पायरी आहे. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकन किंवा इंग्रज लोकांनी लिहिलेले असतात. त्यांना बहुतेक ठिकाणी व्हिसा लागतच नाही, म्हणून त्यांच्या लिखाणात हा भाग येत नाही.

मिरजेच्या एका ओळखीच्या जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांनी दोन सफरी दोन एजंटांकडून घेतल्या. व्हिसाची फाइल पहिल्या एजंटानं केली आणि त्यात फक्त पहिल्या सफरीचे कागद लावले. व्हिसा आला, पेढे वाटले, आणि मग कुणीतरी तारखा वाचल्या. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) स्टिकरवर कुठून कुठपर्यंत वैध, किती दिवस राहता येईल आणि किती वेळा प्रवेश करता येईल, हे तिन्ही छापलेलं असतं. त्यांचा व्हिसा पहिल्या सफरीनंतर थोड्याच दिवसांत संपत होता. दुसऱ्या सफरीचे बरेचसे पैसे बुडाले.

तेव्हा बुकिंग एक असो की दोन, व्हिसाच्या अर्जाला दोन्ही सफरींचे कागद, मार्ग आणि तारखा एकत्र लावा. सोबत मराठीत विचार करून साध्या इंग्रजीत लिहिलेलं एक पानाचं पत्र जोडा: अमुक तारखेला चढणार, अमुक तारखेला त्याच जहाजावर राहून पुढची सफर करणार, अमुक तारखेला उतरून परत येणार. एक लांब बुकिंग असेल तर हे सगळं एकाच कागदावर येतं. व्हिसाच्या दृष्टीनं त्याचा हा खरा फायदा आहे.

शेंगेनबाबत आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

अर्ज कोणत्या देशाकडं करायचा ते मुख्य मुक्कामावरून ठरतं. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, तिकडं अर्ज. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश, तिकडं. दोन सफरी एकत्र मोजल्या की हे उत्तर बदलू शकतं. एकट्या पहिल्या सफरीत इटली पुढं असेल आणि दोन्ही मिळून ग्रीस. वहीत दोन रकाने आखून दिवस मोजा.

जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन परत येत असेल तर एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. तुर्कस्तानचं कुशादासी, माँटेनेग्रोचं कोतोर ही बंदरं शेंगेनबाहेरची. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळं दुब्रोवनिकबद्दलचे जुने लेख वाचून घाबरू नका. अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि पत्रात कारण लिहा. बाहेरच्या देशाचा स्वतःचा व्हिसा लागतो का, हेही कंपनीला ईमेलनं विचारा. फोनवरच्या उत्तराला पुढं काही आधार राहत नाही.

शिवाय १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. लेकीकडं किंवा मुलाकडं युरोपात आधी महिना-दोन महिने राहून मग क्रूझला जाणाऱ्यांनी ती मोजायलाच हवी.

सिंगापूरचं वेगळं. तीन रात्रींची सफर संपून तुम्ही सिंगापुरात परत येता तेव्हा तो नवा प्रवेश असतो आणि दुसरी सफर संपताना आणखी एक. विमानतळावरचा पहिला धरून तीन झाले. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते बघा. ‘एसजी अरायव्हल कार्ड’, म्हणजे प्रवेशाआधी भरायचा माहितीचा फॉर्म, सिंगापुरात पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट खोट्या. समुद्रातून परत येतानाही ते भरावं लागतं आणि जहाजावर इंटरनेट नसेल तर पंचाईत होते. मलेशिया आणि थायलंडनंही अशी डिजिटल कार्डं सुरू केली आहेत. तुमच्या सफरीला ती लागतात का, ते निघण्यापूर्वी विचारून ठेवा.

पायरी ३: अमेरिकेच्या बंदरांतून जात असाल तर हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका

आपल्याकडची कितीतरी मुलं अमेरिकेत आहेत. आई-वडील गेले की मुलं हौसेनं अलास्काची क्रूझ काढतात आणि ‘आलाच आहात तर दोन जोडून करू’ म्हणतात. तिथं १८८६ चा एक कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन त्यांना अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचं नाही, मध्ये एखाद्या ‘दूरच्या’ परदेशी बंदराला थांबल्याशिवाय. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याचीच असतात. कॅनडा आणि मेक्सिको या कायद्याच्या भाषेत ‘जवळचे’ देश, म्हणून त्यांची बंदरं इथं उपयोगी पडत नाहीत.

उदाहरण घ्या. पहिली सफर लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर. कायदेशीर, कारण संपते कॅनडात. दुसरी सफर व्हँकुव्हर ते अलास्कातलं सूअर्ड. तीही कायदेशीर, कारण सुरू होते कॅनडात. पण त्याच जहाजावर दोन्ही जोडल्या की तुमचा प्रवास लॉस एंजेलिस ते सूअर्ड असा धरला जातो आणि मध्ये दूरचं बंदर एकही नाही. दोन्ही वेगवेगळ्या बुक केल्या म्हणून सुटका होत नाही. कायदा जहाजावरचा माणूस बघतो, बुकिंगचा नंबर बघत नाही. वेबसाइट दोन बुकिंग घेऊनही टाकते आणि कंपनीच्या ध्यानात आलं की नंतर एक रद्द करा म्हणून कळवते. तोवर विमानाची तिकिटं काढून झालेली असतात.

सिएटलहून निघून सिएटललाच परत, अशा दोन फेऱ्या लागोपाठ केल्या तर ही अडचण येत नाही. जिथं सुरुवातीचं आणि शेवटचं अमेरिकन बंदर वेगवेगळं आहे, तिथंच लेखी विचारा: ‘या दोन सफरी एकाच जहाजावर जोडून केलेल्या चालतील का?’ व्हँकुव्हर मध्ये असेल तर अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो.

पायरी ४: आता पैशांचा हिशोब मांडा

लांब सफर स्वस्तच असते असं नाही आणि दोन तुकडे महागच पडतात असंही नाही. दर रोज हलतात. म्हणून दोन्ही भाव एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या केबिनचे आणि बंदराचे कर धरून काढा. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत, एका माणसाचे, डॉलरमध्ये.

दोन बुकिंग: ९५० आणि १,०५०, मिळून २,०००. प्रत्येकीवर जहाजावर खर्चायला ५० चं क्रेडिट मिळालं, म्हणजे १००. निव्वळ १,९००.

एक लांब बुकिंग: १,८६०. क्रेडिट ७५. निव्वळ १,७८५.

इथं लांब सफर ११५ नं स्वस्त दिसते. पण शेवटचा हप्ता भरण्याआधी पहिल्या सफरीचा दर १२० नं उतरला आणि तुम्ही एजंटाला सांगून नवा दर लावून घेतलात, तर दोन बुकिंगचे निव्वळ १,७८० होतात. म्हणजे पारडं समान. दोन बुकिंगचा खरा फायदा हा: प्रत्येक तुकड्याचा दर स्वतंत्रपणे उतरवून घेता येतो. त्यासाठी मात्र दर आठवड्याला दर बघणारं कुणीतरी घरात हवं. आमच्याकडं ते काम ह्यांनी मनापासून केलं.

टिप म्हणजे ग्रॅच्युइटी दिवसावर असते, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत माणशी रोज १६ ते २० डॉलर. एक बुकिंग असो की दोन, ती तेवढीच लागते. पण पहिल्या किमतीत ती धरलेली नसते. नवख्या माणसाचा हिशोब इथंच चुकतो.

वाय-फाय आणि पेयांचं पॅकेज सफरीप्रमाणं विकतात. दोन बुकिंग असतील तर दोनदा घ्यावं लागतं आणि मधल्या दिवशी पहिलं बंद पडतं.

क्रेडिटचं मात्र अगदी जपून बघा. जहाजावर मिळालेलं क्रेडिट बहुतेक वेळा परत मिळत नाही आणि पुढच्या सफरीला जातही नाही. आमचे पहिल्या सफरीतले तीस डॉलर असेच गेले. आम्हाला वाटलं, जहाज तेच आहे, पुढच्या आठवड्यात वापरू. पहिल्या सफरीच्या शेवटच्या रात्री खातं बंद झालं आणि सकाळी शिल्लक शून्य. म्हणून शेवटच्या संध्याकाळी रिसेप्शनवर शिल्लक विचारा आणि तिथंच साबण, टॉवेल, नातवंडांना काही, असं घेऊन टाका.

क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले आहेत ना, हे घरूनच बँकेच्या ॲपमध्ये बघा. जहाज तुमच्या कार्डावर आधीच काही रक्कम अडकवून ठेवतं. दोन सफरी असल्या की पहिल्याची अडकलेली रक्कम सुटायच्या आत दुसऱ्याची अडकते. मर्यादा कमी असेल तर कार्ड नाकारलं जातं.

इथल्या एजंटाकडून परदेशी सहल घेताना टीसीएस, म्हणजे एजंटानं आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा कर, लागतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, तेव्हा त्या दिवशीचा दर विचारा. दोन तुकडे केले म्हणून तो वाचत नाही, पॅन एकच असतो. रिटर्न भरताना ती रक्कम वळती होते, म्हणून पावती जपा.

पायरी ५: ‘जायला जमलं नाही तर’ हे दोघांनी बसून बोला

साठीच्या पुढच्यांनी हे टाळू नये. लांब बुकिंग रद्द केलं तर सगळंच रद्द होतं. दोन बुकिंग असतील तर दुसरं सोडून पहिलं करता येतं. आमच्या वेळी सासूबाईंची तब्येत वरखाली होत होती. चौदा दिवस लांब राहायचं की सातच, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता येत नव्हतं. दोन बुकिंग करण्याचं आमचं खरं कारण ते होतं, दर नव्हे.

शेवटच्या हप्त्याची तारीख दोन्हीची वेगळी असते. साधारण सफरींना ती निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी असते, लांब सफरींना कधी कधी त्याहून आधी. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. एक चुकली तर ती सफर कंपनी रद्द करते आणि डिपॉझिट जातं. डिपॉझिट परत मिळणारं आहे की न मिळणारं, हेही दर घेतानाच विचारा. जो दर फारच कमी दिसतो, त्यात ते बहुधा न मिळणारं असतं.

आता उलट बाजू. दुसरी सफर कंपनीनंच रद्द केली किंवा तिचं बंदर बदललं, तर दोन बुकिंगवाल्याला फक्त त्या एका सफरीचे पैसे परत मिळतात. दुसऱ्या बंदरातून काढलेलं विमानाचं तिकीट आपल्या गळ्यात राहतं. एका लांब बुकिंगमध्ये ती एकच सफर असते, तिच्यातल्या बदलाला कंपनी एकत्रितपणे उत्तर देते. तिसऱ्या प्रकाराला एकच बुकिंग घ्या असं मी सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी.

विमा मात्र नेहमी एकच घ्या. तारीख सांगलीतून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतची. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पॉलिसीत क्रूझचा प्रवास धरला आहे का आणि आधीपासूनचे बीपी, साखर यांचं काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट तुमच्या खात्यावर चढतं, विम्याचे पैसे नंतर मागायचे असतात.

पायरी ६: एकच केबिन मिळवा

दोन्ही सफरींची केबिन एकाच वेळी, एकाच बसणीत निवडा. आज पहिली आणि पुढच्या महिन्यात दुसरी, असं केलंत तर तुमची केबिन मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असते. ‘गॅरंटी’ केबिन नावाचा स्वस्त पर्याय दिसेल. त्यात गॅरंटी फक्त प्रकाराची असते. नंबर कंपनी तिच्या सोयीनं देते, तोही निघायच्या थोडेच दिवस आधी. एका सफरीसाठी ठीक आहे, जोडसफरीला नको.

सिंगापूरला आमची पहिली केबिन सातव्या मजल्यावर होती आणि दुसरी नवव्या. हलवाहलव जहाजाची माणसं करतात, हे खरं. आमच्या केबिनचा मुलगा पितळी दांड्याची ढकलगाडी घेऊन आला. माझ्या पाच साड्या आणि ह्यांचे सदरे हँगरसकट त्या दांड्यावर टांगून त्यानं नेले आणि नव्या कपाटात त्याच क्रमानं लावले. घडी मोडली नाही. पण खणातलं, बाथरूममधलं आणि तिजोरीतलं सगळं आपल्याला बॅगेत भरावं लागतं आणि केबिन सकाळी लवकर सोडावी लागते. नवी दुपारी मिळते. मधले चार तास औषधं, पासपोर्ट आणि चष्मा खांद्यावरच्या पिशवीत.

आमची चूक अशी झाली: आदल्या रात्री घोषणा झाली, ‘बॅगा दाराबाहेर ठेवा.’ आम्हीही ठेवल्या. ती घोषणा घरी जाणाऱ्यांसाठी होती. आमची मोठी बॅग टर्मिनलच्या शेडमध्ये हजारभर बॅगांत जाऊन उभी राहिली आणि ती शोधण्यात दीड तास गेला. तुम्ही पुढं जाणार असाल तर बॅग दाराबाहेर ठेवायची नाही, ती केबिनमध्येच राहू द्यायची.

दोन बुकिंग म्हणजे जहाजाच्या कागदोपत्री तुम्ही दोनदा येणारी दोन वेगळी माणसं. म्हणून शाकाहारी किंवा जैन जेवण, रात्रीच्या जेवणाची वेळ, पलंग जोडून की वेगळे, इन्सुलिनसाठी फ्रिज, ही सगळी नोंद दोन्ही बुकिंगवर करा. पहिल्या आठवड्यात जेवणाचं उत्तम चाललं होतं आणि दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या रात्री वाढणारा मुलगा म्हणाला, तुमची नोंदच दिसत नाही. एजंटाला सांगून दोन्ही नंबर एकमेकांना जोडून घ्या आणि दोन्हींवर ‘बॅक टू बॅक’ असा शेरा मारून घ्या.

पायरी ७: मधला दिवस

दोन दिवस आधी रिसेप्शनवर जाऊन सांगा, आम्ही पुढच्या सफरीलाही आहोत. आदल्या रात्री केबिनमध्ये एक चिठ्ठी येते: किती वाजता, कुठं जमायचं. बरोबर ‘इन ट्रान्झिट’ लिहिलेलं कार्ड किंवा तशी सूचना असते. एकच लांब बुकिंग असलं तरी बंदराचे नियम बदलत नाहीत. जिथं उतरायला लावतात तिथं सगळ्यांनाच उतरावं लागतं. फरक एवढाच की तुमचं किल्लीचं कार्ड, खातं आणि पॅकेज तेच चालू राहतं.

अमेरिकेच्या बंदरांत जहाज पूर्ण रिकामं झाल्याची नोंद व्हावी लागते. एकही प्रवासी आत असेल तर नवे चढवत नाहीत. म्हणून पुढं जाणाऱ्यांना एका हॉलमध्ये गोळा करतात, रांगेनं इमिग्रेशनला नेतात आणि मग सगळ्यांच्या आधी परत आणतात. सिंगापूरलाही आम्ही असेच उतरलो, शिक्का-तपासणी झाली आणि परत चढलो. पाऊण तास गेला. हॉलमध्ये वेळेवर या. एक जोडपं आंघोळ करत बसलं आणि बाकीचे साठजण त्यांच्यासाठी थांबले.

चिव्हितावेक्कियाला आम्हाला जहाजावर राहण्याची मुभा होती. त्या बंदरापासून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. मधल्या दिवशी रोम बघून येण्याचा मोह टाळा. परत यायची वेळ ठरलेली असते आणि रेल्वेचा काय भरवसा. आम्ही बंदराजवळचा मायकेलएंजेलोच्या नावाचा किल्ला बाहेरून बघितला, औषधाच्या दुकानातून खोकल्याचं औषध घेतलं आणि अकराला परत आलो. जहाज तेव्हा रिकामं होतं. रोज खुर्चीसाठी धावावं लागायचं त्या तलावाकाठी एकच माणूस फडक्यानं खुर्च्या पुसत होता. लांबवर व्हॅक्यूमचा आवाज. त्यानं आम्हाला बघून दोन खुर्च्या आधी पुसून दिल्या. चौदा दिवसांतला तो तास मला सगळ्यात जास्त आठवतो.

परत आल्यावर एवढं करा: नवं कार्ड घ्या, जुनं चालत नाही. खात्याला क्रेडिट कार्ड पुन्हा जोडलं आहे का बघा. वाय-फाय नव्यानं सुरू करा. आणि सुरक्षेची कवायत पुन्हा करा म्हटलं तर कुरकुर न करता करा. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडाली, तेव्हा बऱ्याच नव्या प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. केबिन बदलली असेल तर तुमची जमण्याची जागाही बदललेली असू शकते.

पायरी ८: सांगलीतून निघताना

जहाज विमानासारखं पुढच्या फेरीत बसवत नाही, ते गेलं की गेलं. आणि पहिलं बुकिंग ‘आलेच नाहीत’ म्हणून गेलं तर दुसऱ्याचं काय होईल, याचा कुणी नेम सांगत नाही. म्हणून सफर सुरू होण्याच्या किमान एक, युरोपला दोन दिवस आधी त्या शहरात पोचा. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आदल्या रात्री निघून दादरला उतरतो आणि विमान संध्याकाळचं घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा घरातून बाहेर पडणंच अशक्य झालं होतं.

औषधं दोन्ही सफरींची आणि वर आठ दिवसांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडचं कंपनीचं नाव तिकडं कुणाला कळत नाही. भडंग न्यायचं असेल तर दुकानातलं बंद पाकीट न्या, घरचं डब्यातलं जहाजावर चढू देत नाहीत.

फाइलमध्ये हे कागद, याच क्रमानं, दोन प्रतींत. एक प्रत नवऱ्याच्या पिशवीत, एक बायकोच्या:

– पासपोर्ट (परतीनंतर किमान सहा महिने वैध, दोन-तीन कोरी पानं) आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स
– दोन्ही सफरींची बुकिंग आणि बोर्डिंग पास. दोन्हींचं ऑनलाइन चेक-इन वेगवेगळं करावं लागतं
– दोन्ही मार्गांचा, बंदरं आणि तारखांसह एका पानाचा तक्ता
– ‘दोन सफरी जोडून चालतील’ असं कंपनीचं किंवा एजंटाचं ईमेल, छापून
– विम्याची पॉलिसी आणि मदतीचा फोन नंबर
– विमानाची जाण्या-येण्याची तिकिटं
– डॉक्टरची चिठ्ठी
– टीसीएसची आणि पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या (या घरी ठेवल्या तरी चालतील)

बोर्डिंग पासवरचं नाव पासपोर्टशी अक्षरानं अक्षर जुळवा, दोन्ही बुकिंगवर. आमच्या एकावर ह्यांचं वडिलांचं नाव होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. निघण्याआधी वीस दिवस ते लक्षात आलं आणि एका ईमेलनं दुरुस्त झालं.